गॅलरी की बाल्कनी?

"सगळं छान आहे गं. पण गॅलरी कुठंय?"

नव्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्यावर आईचा पहिला प्रश्न हा! मॉड्युलर किचन, व्हिट्रिफाइड टाइल्स, बाथरूममधला तो महागडा शॉवर... ज्या ज्या गोष्टींवर आम्ही नवरा-बायको सहा महिने भांडलो होतो, त्यातल्या एकीकडेही तिनं धड बघितलं नाही. मग मी हॉलचं स्लायडिंग दार सरकवलं आणि जाहिरातीतल्या मॉडेलसारखा हात पसरून म्हटलं, "ही काय! आणि समोर बघ, डायरेक्ट सिंहगड!"

आई बाहेर आली. डावीकडे बघितलं, भिंत. उजवीकडे बघितलं, भिंत. सिंहगडाकडे एक नजर टाकली. मग शांतपणे म्हणाली, "ही बाल्कनी झाली. गॅलरी नाही."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? दोन्ही एकच की! मलाही तसंच वाटलं होतं. पण आमच्या घरात त्या रविवारपासून जो काही 'बाल्कनी इश्यू' सुरू झाला, तो इटलीपर्यंत जाऊन आला.

पेठेतून फाट्यावर

आधी थोडा फ्लॅशबॅक. आमचं घर धायरीत, सहाव्या मजल्यावर. धायरी फाट्यावरून आत वळायचं, ट्रॅफिकला शिव्या द्यायच्या, मग गावठाण, धारेश्वराचं देऊळ, नव्या टॉवर्सची रांग. २०१७ मध्ये धायरीसह अकरा गावं महापालिकेत आली. आमच्यासारख्यांचं गणित सोपं असतं. जन्म पेठेतला, ऑफिस कुठल्या तरी टोकाला आणि ईएमआय सिंहगड रोडचा!

आई मात्र पेठेतल्या वाड्यात तीस-बत्तीस वर्षं राहिली. दोन खोल्या आणि समोर लांबच लांब लाकडी गॅलरी. एका ओळीत पाच बिऱ्हाडं. आता वाडा रीडेव्हलपमेंटला गेलाय, बाबा नाहीत, म्हणून आई आमच्याकडे राहायला येणार. आमचा फ्लॅट टू बीएचके. एक बेडरूम आमची, दुसरी आईची. मग प्रश्न उरला माझा. मी फ्रीलान्सर. म्हणजे ऑफिस नाही, केबिन नाही, दुसऱ्या बेडरूममधलं एक टेबल हेच काय ते माझं साम्राज्य. ते आता हलवायचं कुठं?

नवरोबांनी फंडा काढला. "बाल्कनी बंद करून घेऊ. ॲल्युमिनियमचं सेक्शन, काचा, एक ब्लाइंड. झाली तुझी केबिन! विथ सिंहगड व्ह्यू!"

आयडिया सही होती. फॅब्रिकेशनवाल्यानं माप घेतलं, साठ हजारांचं कोटेशन दिलं आणि म्हणाला, "मॅडम, रविवारपर्यंत सांगा. तुमच्या बिल्डिंगमध्ये बाराजणांचं काम माझंच आहे, त्याच रेटमध्ये करून टाकू."

आणि त्याच आठवड्यात आई म्हणाली, ही गॅलरी नाही. वर आणखी एक वाक्य जोडलं. "पण आहे ती तरी उघडी ठेवा."

म्हणजे एकीकडे माझी केबिन आणि दुसरीकडे आईची मोकळी हवा. असं टेन्शन आलं की मी नेहमी जे करते तेच केलं. निर्णय पुढे ढकलला आणि डिक्शनरी उघडली!

लाकडाच्या ओंडक्याची गोष्ट

'बाल्कनी' आपल्याकडे इंग्रजीतून आली. इंग्रजीत ती इटालियनमधून आली. तिथं मूळ शब्द 'बाल्कोने'. त्यातला 'बाल्को' म्हणजे लाकडी मचाण, माळा. आणि शेवटचा 'ओने' म्हणजे इटालियन लोकांची मोठं करायची ट्रिक. आपण 'पोळी'चा 'पोळा' करतो ना, तसंच काहीसं. 'साला' म्हणजे दालन, तर 'सालोने' म्हणजे मोठं दालन. हेच सालोने फ्रान्समार्गे, इंग्लंडमार्गे फिरत फिरत आपल्याकडे आलं आणि कोपऱ्यावरचं केस कापायचं 'सलून' झालं! 'मिल्ले' म्हणजे हजार, म्हणून 'मिलियोने' म्हणजे मोठ्ठं हजार. तेच आपलं मिलियन. त्याच चालीवर बाल्कोने म्हणजे मोठं मचाण.

पण गंमत पुढे आहे. हा 'बाल्को' मुळात इटालियन नव्हेच! तो आला जर्मानिक भाषांतून. सहाव्या शतकात लाँगोबार्ड नावाची जर्मानिक टोळी उत्तर इटलीत उतरली आणि तिथं राज्य करू लागली. आजचं लोम्बार्डी हे नाव त्यांच्यावरूनच पडलंय. त्यांच्या भाषाकुळात 'बाल्क' म्हणजे लाकडाची तुळई. आजही जर्मनमध्ये 'बाल्केन' म्हणजे तुळईच. भिंतीतून तुळया बाहेर काढायच्या, त्यावर फळ्या टाकायच्या, कठडा लावायचा... झाली बाल्कनी. म्हणजे आपण जिला बाल्कनी म्हणतो, तिचा अर्थच मुळात 'तुळईवरची' असा!

आणि मग शब्दानं राउंड ट्रिप मारली. जर्मानिक तुळई इटलीत गेली, बाल्कोने झाली. तिथून फ्रान्सला 'बाल्कों' झाली आणि शेवटी जर्मनीत 'बाल्कोन' म्हणून परत आली. त्यामुळे जर्मन माणसाच्या भाषेत आज 'बाल्केन' आणि 'बाल्कोन' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी राहतात. एक घरातच वाढलेला, दुसरा फॉरेन रिटर्न्ड!

हे सगळं वाचल्यावर मी खाली चालू असलेल्या आमच्या सी विंगच्या साइटवर गेले. तिथले सुपरवायझर काका ओळखीचे झालेत. त्यांना विचारलं, बाल्कनी लटकते कशी हो? काका खूश! म्हणाले, "बाहेर आलेला स्लॅब नुसता तरंगत नाही मॅडम, आतल्या बीमला आणि स्लॅबला धरून असतो. घरातल्या स्लॅबला लोखंड खालच्या बाजूला लागतं, बाल्कनीला वरच्या. काँक्रीट ओतताना पोरांनी ती जाळी तुडवून खाली दाबली, की बाल्कनी गेलीच समजा."

किती सिंपल! एका टोकाला आधार, दुसरं टोक हवेत. त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि म्हणून सळया वर लागतात. लाकूड गेलं, आरसीसी आलं, शब्द मात्र तुळईलाच धरून राहिला. काकांनी जाता जाता एक फुकटचा सल्लाही दिला. "बाल्कनी बंद करायची तर विटांची भिंत चढवू नका. आधी इंजिनीअरला विचारा. लोड त्याच तुळईवर येतो."

बालेकिल्ल्याचा मोह

व्युत्पत्ती शोधताना एक थिअरी मला इतकी आवडली होती, की ती खरी निघावी म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा आणि 'खाना' म्हणजे घर, खोली. बालाखाना म्हणजे वरची खोली. मग बालाखाना, बाल्कनी... जुळतंय की! शिवाय हा 'बाला' आपल्या रोजच्या ओळखीचा. बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश, बालेकिल्ला म्हणजे किल्ल्याचा वरचा भाग. बाल्कनीत उभं राहून सिंहगडाकडे बघताना ही थिअरी मनाला पटणारच ना!

पण नाही. अँग्लो-इंडियन शब्दांचा तो प्रसिद्ध कोश, 'हॉब्सन-जॉब्सन', १८८६ मध्ये आला. त्यानंही या पौर्वात्य मुळावर शंकाच घेतली आहे. इटालियनमधला 'बाल्को' हाताशी असताना इराणपर्यंत जायची गरजच पडत नाही. दिसायला सारखं म्हणून नातं लावायचं, हा शब्दांच्या दुनियेतला सगळ्यात कॉमन घोटाळा. 'बाल्कन' देशांचंही तसंच. तो शब्द तुर्की, अर्थ झाडीनं भरलेला डोंगर. आपल्या बाल्कनीशी त्याचा काहीएक संबंध नाही.

एक शब्द, दहा घरं

बाल्कनी ज्या देशात गेली, तिथली होऊन गेली.

व्हेनिसच्या बोलीत 'बाल्कोन' म्हणजे साधी खिडकी. पोर्तुगीजांनी त्याचं 'बाल्कांव' केलं आणि त्यांच्याकडे त्याचा रोजच्या वापरातला अर्थ आहे दुकानाचा काउंटर! ब्राझीलमध्ये काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या सेल्समनला म्हणतात 'बाल्कोनिस्ता'. आणि आपण जिला बाल्कनी म्हणतो तिला पोर्तुगीज लोक म्हणतात 'व्हारांडा'. म्हणजे आपला व्हरांडा! वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीच्या रोजनिशीतही हा शब्द सापडतो. तो इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला, यावर विद्वान अजून वाद घालतायत.

आता गोव्याला चला. (हो, चलाच. आपल्याला काय, निमित्त पाहिजे!) पणजीतल्या फोंतेन्यशमध्ये किंवा सासष्टीतल्या कुठल्याही जुन्या गावात फिरताना घरांच्या दर्शनी भागात पायऱ्या, खांब, वर कौलारू छप्पर आणि दोन्ही बाजूंना बसायची दगडी-चुनेगच्ची बाकं दिसतात. तेच गोव्याचं बाल्कांव. हवेत लटकलेलं नाही, चांगलं जमिनीला टेकलेलं! संध्याकाळी घरातले वडीलधारे तिथं बसणार, रस्त्यानं जाणाऱ्याची चौकशी करणार, पदेर पाव घेऊन आला की तिथूनच घेणार. मारियो मिरांडांच्या चित्रांतून हे जग आपण सगळ्यांनी पाहिलंय. याउलट गोव्यातली जुनी हिंदू घरं आत वळलेली. मध्ये राजांगण, त्यात तुळस, भोवती खोल्या. एका घराचं तोंड रस्त्याकडे, दुसऱ्याचं अंगणाकडे. शब्द इटलीचा, आणणारा पोर्तुगीज, पण त्यात बसणारा माणूस अस्सल गोंयकार!

फ्रान्स-इंग्लंडमध्ये बाल्कनी थिएटरमध्ये शिरली आणि वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या झाली. तिथून ती आपल्या सिंगल स्क्रीन टॉकीजमध्ये आली. आमचे बाबा सांगायचे, लग्न ठरल्यावर आईला पहिल्यांदा पिक्चरला नेलं तेव्हा 'बाल्कनी'चं तिकीट काढलं होतं. एरवी त्यांची मजल स्टॉलपर्यंतच!

स्पेननं तर कमालच केली. हॉटेलच्या बाल्कनीतून स्विमिंग पूलमध्ये उड्या मारणाऱ्या टल्ली टुरिस्टांच्या उद्योगाला त्यांनी इंग्रजी शेपूट लावून नाव दिलं, 'बाल्कोनिंग'. जर्मन लोक सुट्टीत कुठंच न जाता घरीच पडून राहणार असले, की सांगतात, यंदा आम्ही 'बाल्कोनिएन'ला चाललोय! देशाचं नाव वाटावं असा हा शब्द, पण पत्ता स्वतःच्याच बाल्कनीचा. आणि आता तिथं कठड्याला छोटे सोलर पॅनल लटकवायची फॅशन आहे. त्याला म्हणतात 'बाल्कोनक्राफ्टव्हेर्क'. सरळ मराठीत, बाल्कनीतलं वीजघर!

आणि ज्युलिएट? जगातली सगळ्यात रोमँटिक बाल्कनी तिचीच ना? तर मंडळी, धक्का घ्या. शेक्सपिअरच्या नाटकात 'बाल्कनी' हा शब्दच नाही! ज्युलिएट दिसते ती खिडकीत. इंग्रजीत हा शब्द नोंदला गेला तो १६१८ च्या सुमाराला आणि शेक्सपिअर गेला १६१६ मध्ये. इटलीत व्हेरोना गावी 'ज्युलिएटची बाल्कनी' म्हणून जी दाखवतात, तीसुद्धा विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत बसवलेली. तरी जगभरातून जोडपी तिथं जाऊन फोटो काढतातच. प्रेमाला पुरावे लागत नाहीत, व्ह्यू लागतो!

एक आपली खास मराठी गंमतही सांगते. इटालियन, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, सगळीकडे हा शब्द पुल्लिंगी. 'तो' बाल्कोने. आपल्याकडे इंग्रजीतून येताना शेवटी 'ई' घेऊन आला आणि खिडकी, गच्ची, पायरी यांच्या रांगेत जाऊन बसला. झाली 'ती' बाल्कनी. इमिग्रेशनवाल्यांना कळलंसुद्धा नाही!

आणि गॅलरी?

इथवर आल्यावर मला आईचं वाक्य आठवलं. ही बाल्कनी आहे, गॅलरी नाही. मग गॅलरी म्हणजे काय?

तीही इटलीचीच निघाली. 'गाल्लेरिया'. तिचं मूळ बहुधा 'गॅलिली' या नावात आहे. चर्चच्या दारापुढच्या पडवीला मध्ययुगात 'गॅलिली' म्हणत. पुढे छप्पर असलेला कुठलाही लांब रस्ता म्हणजे गॅलरी. श्रीमंतांनी अशा लांब दालनांत चित्रं टांगली, म्हणून आर्ट गॅलरी. मिलान शहरात काचेच्या छताखालचा जो सुप्रसिद्ध बाजार आहे, तो 'गाल्लेरिया व्हित्तोरियो एमान्युएले'. १८७७ मध्ये पूर्ण झाला. आजच्या मॉल्सचा पणजोबाच म्हणा ना. आणि इटलीत गाडी चालवताना डोंगर आला आणि 'गाल्लेरिया' अशी पाटी दिसली, तर चित्रं बघायला उतरू नका. पुढे बोगदा आहे, लाइट लावा!

दालन, बाजार, बोगदा... या सगळ्यांत कॉमन काय? तर इथून तिथं जाता येतं. गॅलरी ही जाण्या-येण्याची जागा. बाल्कनी ही लटकून उभं राहण्याची.

आणि मग माझी ट्यूब पेटली. वाड्यातली आमची गॅलरी आमची नव्हतीच! ती पाच बिऱ्हाडांची होती. तिच्यातूनच नळावर जायचं, तिच्यातूनच जिना. शेजारच्या काकू जाता जाता वाटी पुढे करायच्या, कोणाची पोरं आमच्या दारात अभ्यासाला बसायची, पापड वाळत घातले की राखण सगळ्यांची. बाबा आजारी होते तेव्हा रात्री दीड वाजता आईनं फक्त दार उघडलं होतं. हाक मारावी लागली नाही. कडी वाजल्याच्या आवाजानं चार दारं उघडली.

आमच्या बाल्कनीत दोन्ही बाजूंना भिंती आहेत. त्याला ब्रोशरमध्ये 'प्रायव्हसी' म्हटलंय. त्याचे आम्ही पैसेही दिलेत. आईला जे हवं होतं ते त्या ब्रोशरमध्ये नव्हतंच. आणि खरं सांगायचं तर बाल्कनी उघडी ठेवून ते मिळणार नव्हतं, हेही तितकंच खरं.

चौकट : तुमच्या घरातले इटालियन पाहुणे

बँक : जिच्या जिवावर फ्लॅट घेतला ती. इटालियन 'बांका' म्हणजे बाकडं. सावकार बाकडं टाकून पैसे मोजायचे. हाही मूळचा जर्मानिक शब्द, इटलीत जाऊन श्रीमंत झाला. बाकडं मोडलं की 'बांका रोत्ता', म्हणजे बँकरप्ट!

रिस्क : इटालियन 'रिस्को'. फ्लोटिंग रेटवर सही करताना आठवा.

कॉरिडॉर : 'कोरेरे' म्हणजे पळणं. पळायची जागा ती कॉरिडॉर. शेजाऱ्यांच्या चपलांच्या रॅकमधून पळून दाखवा!

स्टुडिओ : इटालियनमध्ये अभ्यासाची खोली. बिल्डरच्या भाषेत एका खोलीत सगळं घर.

व्हिला : लॅटिनपासून चालत आलेला. गावाकडचं घर, शेतवाडी. त्या शेतावर राबणारा तो 'व्हिलानुस'. त्याच्यावरून आला व्हिलन! तेव्हा व्हिला विकणाऱ्याकडे जरा नीट बघा.

कायदा काय म्हणतो?

एवढं झाल्यावर मी आमचं ॲग्रीमेंट काढलं. (सही करताना कोण वाचतं यार!) रिअल इस्टेट कायदा २०१६ चा, आपली महारेरा सुरू झाली १ मे २०१७ पासून. त्यात 'कार्पेट एरिया'ची व्याख्या आहे. घराच्या आतली वापरायची जागा मोजायची, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती सोडायच्या. आणि 'एक्सक्लुझिव्ह' बाल्कनी किंवा व्हरांडा आणि मोकळं टेरेस, हे कार्पेटमध्ये धरायचं नाही. म्हणजे इटलीची बाल्कनी आणि पोर्तुगीजांचा व्हरांडा भारताच्या कायद्यात हातात हात घालून उभे! गॅलरीचा त्या व्याख्येत पत्ताच नाही. असणार कशी? कायद्याला 'फक्त तुमची' जागा मोजायची आहे. गॅलरी फक्त तुमची कधी नव्हतीच.

फ्लॅट बघत असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कार्पेट किती आणि बाल्कनी किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. 'एकूण एवढे स्क्वेअर फूट' असं कोणी गोड आवाजात सांगितलं, तर भुलू नका. दोन, काचा लावल्या म्हणून करारातला कार्पेट एरिया वाढत नाही. बंद केलेली बाल्कनी कागदावर बाल्कनीच राहते. तीन, बंद करायचीच असेल, तर आधी महापालिकेचे नियम आणि सोसायटीची परवानगी. बाराजणांनी केलंय, ही परवानगी नव्हे!

आणि हो, ती 'ड्राय बाल्कनी'! किचनच्या मागची. तिथं वॉशिंग मशिन, तिथं भांडी, तिथंच ओला कचरा. सबंध फ्लॅटमधली सगळ्यात ओली जागा आणि नाव ड्राय! हा शब्द मात्र इटलीच्या माथी मारू नका. तो आपल्या बिल्डर मंडळींचा.

पुन्हा सहावा मजला

शनिवारी रात्री मी नवऱ्याला हे सगळं पुराण ऐकवलं. लाँगोबार्ड, बालाखाना, ज्युलिएट, सगळं. तो जांभई देत म्हणाला, "मग? तुझं टेबल कुठं टाकायचं?"

बरोबर होतं त्याचं. व्युत्पत्तीनं जागा वाढत नाही.

पण मला २०२० आठवत होतं. मार्चमध्ये इटलीत लोक बाल्कन्यांमध्ये येऊन गात होते, स्पेनमध्ये रोज रात्री आठ वाजता टाळ्या वाजत होत्या आणि २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपल्याकडे थाळ्या वाजल्या. तेव्हा आम्ही भाड्याच्या वन बीएचकेमध्ये होतो. तिथली बाल्कनी आधीच्या कोणी तरी काचा लावून बंद केलेली. आम्ही दोघं काचेच्या आत थाळी वाजवत होतो. बाहेरचं ऐकू येईना, आमचं बाहेर जाईना. आईचा फोन आला तर मागे नुसता कल्ला! "अगं, सगळे गॅलरीत आलोय," ती ओरडून सांगत होती.

रविवारी सकाळी मी फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला. "काम कॅन्सल."

"मॅडम, पूर्ण लाइनमध्ये तुमचीच उघडी दिसेल!"

"दिसू दे."

माझं टेबल आता डायनिंग टेबलच्या शेजारी आहे. हा लेख तिथंच लिहिला. मागे कुकरच्या शिट्ट्या, बाजूला मिक्सर आणि दर पंधरा मिनिटांनी "चहा घेणार का गं?" दोन डेडलाइन हुकल्या. रोज सकाळी वाटतं, काचा लावल्या असत्या तर बरं झालं असतं. हॅपी एंडिंग वगैरे काही नाही.

आईनं बाल्कनीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकलीय. पहिले काही दिवस नुसती बसायची. मग एक दिवस तिनं कठड्यावरून वाकून खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, "तुमच्याकडे पाणी आलंय का हो?" पाणी आलेलं होतं, आमच्याकडेही. तिला ते माहीत होतं. पण आता रोज साडेदहाला सहाव्या आणि पाचव्या मजल्याची मीटिंग असते. वरून खाली, खालून वर. आडवी नाही, तर उभी गॅलरी म्हणा!

परवा ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "ये की एकदा धायरीला. आमच्या गॅलरीतून सिंहगड दिसतो."

मी कीबोर्डवरचा हात थांबवला. ती बाल्कनी आहे, असं म्हणणार होते.

नाही म्हटलं.